बाईंचा गार उजेड

बाई गेली हे मला कळलं तेव्हा मी एका बेकरीत, केक ठेवायच्या थंड कपाटाखाली पाठीवर पडलो होतो. तोंडात टॉर्च, हातात पाना. फोन वाजत होता, पण नळीवरचा हात काढता येत नव्हता. शेवटी बेकरीवाल्यानेच माझ्या तोंडातला टॉर्च घेतला आणि फोन खिशातून काढून माझ्या कानाला लावला. शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, बोलत होत्या. शिकवता शिकवता ती खाली बसली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी "बरं" म्हणालो. मग नट पूर्ण आवळला आणि मगच बाहेर आलो. हे ऐकून लोक माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात. पण काम अर्धवट सोडून आलो असतो तर बाईच ओरडली असती.

बाई म्हणजे माझी बायको. शाळेत विज्ञान शिकवायची. अख्खी शाळा तिला बाई म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागलो. मी फ्रीज दुरुस्त करतो, म्हणून ती मला मिस्तरी म्हणायची. लग्नात दोघांना नावं होती, ती पुढे कुठेतरी मागे पडली.

घर माणसांनी भरलं. माझी थोरली बहीण आली आणि तिने बाह्या सरसावल्या. ताईला दुःख झालं की ती घासत सुटते. भांडी, फरशी, खिडक्यांचे गज, हाताला लागेल ते. येणारे बसायचे, पाणी प्यायचे, "काही लागलं तर सांगा" म्हणायचे आणि जायचे. काय लागणार आहे हे मलाही कळत नव्हतं.

एक दिवस मोठ्या बाई आल्या. बसल्या, पाणी प्यायल्या, आणि निघताना दारात घुटमळल्या.

"विचारू नये खरं तर," त्या म्हणाल्या. "पण सातवीची मुलं रोज विचारतात. बाईंनी त्यांना कबूल केलं होतं, शेवटच्या आठवड्यात उजेड दाखवीन म्हणून. आता जमणार नाही असं सांगून टाकते."

"जमेल की," मी म्हणालो. "बाटल्या घरातच आहेत. मी घेऊन येतो."

"तुम्हाला कशाला उगाच त्रास?"

"त्रास कसला? तिने शब्द दिलाय ना."

त्या शाळेत सातवीपर्यंतच वर्ग आहेत. नंतर मुलं वेगवेगळ्या मोठ्या शाळांमध्ये पांगतात. म्हणजे शेवटचा आठवडा खरोखरच शेवटचा.

बाईचा उजेड मागच्या खोलीतल्या कपाटात असायचा, काळ्या कापडाखाली. दिवसा बघितलं तर बाटलीत नुसतं गढूळ, खारट, जरा वास येणारं पाणी. पण ती मला भर दुपारी त्या खोलीत न्यायची, दार लावायची, फटीत चादर कोंबायची आणि खाली बसवायची. मला काही दिसायचं नाही. मी उठायला लागलो की म्हणायची, "मिस्तरी, डोळ्यांना सवय होऊ द्या. घाई कसली?" मग हळूहळू समोर निळसर काहीतरी उमटायचं. ती बाटली हलवायची आणि ते एकदम उजळायचं, इतकं की तिची बोटं दिसायची.

"जिवाणू आहेत," ती सांगायची. "समुद्रातले. यांच्या अंगात एक पदार्थ असतो, तो प्राणवायूशी जुळला की उजेड पडतो. ना धूर, ना राख, ना उष्णता. तुमच्या फ्रीजमधला दिवा फ्रीजलाच तापवतो. माझा नाही तापवत."

ही तिची आवडती कोटी होती. पाहुण्यांसमोर तर हमखास.

मोठ्या बाई गेल्यावर मी कपाट उघडलं. कापड स्वच्छ धुऊन, घडी करून ठेवलेलं होतं. बाटल्या नव्हत्या.

"ताई, इथल्या बाटल्या कुठे गेल्या?"

"कुठल्या रे?"

"खाली पसरट, वर निमुळत्या."

"त्या होय! अरे, काय वास मारत होत्या. कोणीतरी विसरून गेलंय म्हटलं. उकळतं पाणी घातलं, साबण घातला, चांगल्या खसखसून घासल्या. बघ तरी कशा झाल्यात." तिने मोठ्या कौतुकाने फ्रीज उघडला. बाईच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या, पिण्याच्या पाण्याने भरलेल्या. आलेगेले इतके दिवस त्यातलंच पाणी प्यायले होते. मोठ्या बाईसुद्धा.

मी स्वयंपाकघरात खाली बसलो. बाई गेली त्या दिवशीही मी असा बसलो नव्हतो.

"काय झालं धाकट्या? काय होतं त्यात?"

"उजेड होता."

"बाटलीत?"

मी सांगितलं. तिने तोंडावर हात ठेवला. "मग मला मेलीला कोणी सांगायचं नाही का!" म्हणाली, आणि रडता रडता समोरची कढई घासायला घेतली. ती कढई आधीच दोनदा घासून झाली होती.

"रडू नकोस आणि घासूही नकोस," मी म्हणालो. "आपण परत करू."

"परत? दुकानात मिळतो का असला उजेड?"

"माशावर मिळतो. तिने माशावरूनच घेतला होता."

मला एवढंच माहीत होतं. बाकीचं बाईबरोबर गेलं होतं. ती सगळं डोक्यात ठेवायची. "लिहून ठेवलं की मुलं वाचतात, बघत नाहीत," असं तिचं मत.

बाईच्या जागी शाळेत एक तरुण सर आले होते. मी त्यांना गाठलं. भला माणूस. त्यांनी चार ठिकाणी फोन केले. असे जिवाणू एका प्रयोगशाळेतून मागवता येतात, पण सुट्टीनंतर मिळतील.

"सुट्टीनंतर कोणाला दाखवू? बाकांना?"

सर हसले, मग त्यांना हसल्याचं वाईट वाटलं. "घरी करून बघू," ते म्हणाले. "मी केलेलं नाही, पण तत्त्व सोपं आहे. ताजा समुद्री मासा मिठाच्या पाण्यात अर्धा बुडवायचा, अर्धा वर. हवा लागली पाहिजे. गार जागी ठेवायचा. माशाच्या अंगावर ते असतातच थोडे, ते वाढतात."

"गार म्हणजे किती?"

"फार नाही. फार गार झालं की वाढत नाहीत, गरम झालं की दुसरेच सडवणारे जिवाणू बाजी मारतात."

गार करणं हे तर माझं पोट भरायचं काम. दुरुस्तीला येऊन पडलेला, मालकाने परत न नेलेला एक जुना फ्रीज होता. तो मागच्या खोलीत ओढला, त्याचा थंडीचा स्क्रू पिळून पिळून असा बसवला की लोणी आत घट्ट राहील पण दगड होणार नाही. बाजारातून बांगडे आणले, ट्रेमध्ये खारं पाणी केलं, बांगडे अर्धे बुडवले. दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीला घोंगडी लावली, दार बंद केलं, डोळ्यांना सवय होईपर्यंत बसलो, मग फ्रीज उघडला. काही नाही. तिसऱ्या दिवशीही काही नाही. वास मात्र जिन्यापर्यंत गेला. खालचे काका वर येऊन विचारून गेले, "सगळं ठीक आहे ना?" दुःखी माणसाला वासाबद्दल बोलायचं कसं, असा त्यांचा चेहरा होता.

मोठ्या बाईंचा फोन आला. "राहू द्या हो. मुलं समजून घेतील."

"मला समजून घेतलेलं नकोय," मी म्हणालो. "दिवस ठरवा."

ताईला माशाचा वास सोसत नाही, तरी ती नाकाला रुमाल बांधून माझ्याबरोबर अंधारात बसायला लागली. बाटल्यांची भरपाई म्हणून असेल. त्या दिवशी मी फ्रीज उघडला, वाकून बघितलं आणि म्हणालो, "आजही नाही."

"अरे शहाण्या," रुमालातून ताई म्हणाली, "दार उघडलं की आतला दिवा लागतोय. तुला दिसणार काय, कपाळ?"

मी फ्रीजमधल्या दिव्याकडे बघत राहिलो. पिवळा, छोटा, इमानदार. असले दिवे बसवण्यात माझी हयात गेली. गिऱ्हाईक म्हणतं फ्रीज चालत नाही, आणि बघावं तर नुसता दिवा गेलेला, असंही कितीदा झालंय. आणि मी इतके दिवस तोच दिवा पेटवून अंधारातला उजेड शोधत होतो. ताई हसायला लागली. मग मीही हसलो. बाई गेल्यानंतर त्या घरात पहिल्यांदाच कोणी मोठ्याने हसलं. मी दिवा काढला आणि खिशात टाकला.

दिवा काढूनही त्या बांगड्यांवर काही दिसलं नाही. म्हणजे चूक आणखी कुठेतरी होती. मी परत बाजारात गेलो. यावेळी कोपऱ्यातल्या मासेवाल्या मावशीकडे. ती प्रत्येक मासा बादलीतल्या पाण्यात खंगाळून, पुसून मांडत होती.

"मावशी, माझ्यासाठी न धुतलेला द्या."

"न धुतलेला?" तिचा आवाज चढला. "माझ्याकडे धुतल्याशिवाय काही मिळत नाही. नाव घालवायचंय का माझं?"

"खायचा नाहीये मला."

"मग काय, लग्न लावायचंय त्याचं?"

शेजारची कोळंबीवाली खिदळली. मी म्हणालो, "अंधारात ठेवायचाय. उजेड पडतो का ते बघायचंय."

मावशीने इकडेतिकडे बघितलं आणि मला जवळ बोलावलं. "हळू बोला. गिऱ्हाईक ऐकेल. म्हणून तर धुते मी. खाऱ्या पाण्यातून आलेला तसाच ठेवला की कधीकधी टोपलीत चमकतो. एकदा एका बाईने घरी नेला, लाइट गेले, आणि ताटात मासा चमकला. दुसऱ्या दिवशी आली मासा घेऊन भांडायला. म्हणे विष घातलंय. तेव्हापासून नळाच्या पाण्याने धुते, मग नाही चमकत." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तुमच्यासारखीच एक यायची. डबा घेऊन. धक्क्यावरून टोपली उतरली की पहिली हिचीच. धुऊ नका, पुसू नका, हात लावू नका. मी म्हणायची, अगं मग बघायचं तरी की नाही? बऱ्याच दिवसांत आली नाही."

"माझी बायको."

"बरी आहे ना?"

मी सांगितलं. मावशीने ओले हात पुसून मागची झाकलेली टोपली पुढे ओढली. "आत्ता उतरलीय. नळाच्या पाण्याचा थेंब लागलेला नाही. डबा कुठाय?"

डबा मी आणलाच नव्हता. तिने स्वतःचा दिला.

आणि ते दिसलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, घोंगडीमागे, दिवा नसलेल्या फ्रीजमध्ये. आधी मला वाटलं डोळेच खेळ करताहेत. एका बांगड्याच्या पाठीवर, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाचणीच्या डोक्याएवढे निळसर ठिपके.

"ताई, तुला दिसतंय?"

"बोलू नकोस," ताई म्हणाली. "हो. दिसतंय."

ती हळूच पुढे झाली आणि अंधारात ट्रेच्या दिशेने हात जोडायला निघाली, मग तिलाच ते बांगड्याला हात जोडणं वाटलं असावं, कारण तिने हात मागे घेतले.

पुढचं सरांना विचारून केलं. मासे मिठाच्या पाण्यात उकळले, ते पाणी गाळून बाईच्याच बाटल्यांत भरलं, तोंडाला कापूस लावून पुन्हा उकळून गार केलं. सुई विस्तवावर धरून निववली, ठिपक्याला टेकवली आणि पाण्यात बुडवली. मासे पाळणाऱ्यांकडे मिळतो तो हवेचा छोटा पंप लावला. एवढं करून बाटलीत मिट्ट काळोख. दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ झालं, म्हणजे आत काहीतरी वाढत होतं, पण उजेड नाहीच. मी सरांना म्हणालो, दुसरंच काहीतरी वाढलं वाटतं.

"थांबा," सर म्हणाले. "हे एकेकटे असले तर उजेड करतच नाहीत. प्रत्येक जण पाण्यात एक खूण सोडत राहतो. पुरेशा जणांची खूण साठली की सगळे एकदम सुरू करतात."

मला बाईचं बोलणं आठवलं. मी एकदा विचारलं होतं की एकच जिवाणू बाटलीत सोडला तर? ती म्हणाली होती, "एकट्याने दिवा लावण्यात त्याला काही राम वाटत नाही, मिस्तरी."

संध्याकाळी बाटली लागली. लागली हाच शब्द बरोबर आहे. चहा पिऊन आत गेलो तर खोली निळी होती. मी बाटली हलवली. माझी बोटं दिसली.

शाळेत जिन्याखाली खेळाचं सामान ठेवायची खोली आहे. सरांनी आणि शिपायाने ती रिकामी केली, फटी चिकटपट्टीने बंद केल्या. खोली लहान, म्हणून वर्गाचे दोन गट केले. मी बाटल्या बर्फाच्या पेटीतून नेल्या. पहिला गट आत आला. दार बंद झालं आणि जे व्हायचं तेच झालं.

"अरे, पाय कोणाचा?"

"सर, हा भूत भूत करतोय."

"काही दिसत नाहीये."

"डोळ्यांना सवय होऊ द्या," मी म्हणालो. "घाई कसली?"

हळूहळू गप्प झाले. मग कोणीतरी श्वास आत घेतला. मग सगळ्यांनीच. मी बाटली हलवली. त्यांचे चेहरे दिसले, नुसते चेहरे, धड नसल्यासारखे.

"हात लावला तर भाजेल?"

"लावून बघ."

बाटली हातोहात फिरली. "गार आहे! अरे, गार आहे!" प्रत्येकाला हलवायची होती, मी हलवू दिली. फार वेळ बसू दिलं. त्यांना उठवणं मला जमलं नाही.

मग दुसरा गट आला. दार बंद झालं. बसलो. डोळ्यांना सवय झाली, तरी काही दिसेना. मी बाटली हलवली. तळाशी अगदी पुसट काहीतरी, आणि तेही गेलं. मी बाटली गालाला लावली. ती कोमट होती. पेटीतली दुसरी काढली. मी झाकण उघडंच ठेवलं होतं, बर्फाचं पाणी झालं होतं, तीही कोमट.

बंद खोलीत माणसं भरली की खोली तापते. थंडीचं कुठलंही काम घेताना पहिला प्रश्न मी हाच विचारतो, आत माणसं किती बसणार? इथे मी स्वतःला तो विचारला नव्हता. मुलांनी खोली तापवली, त्यांच्या तळव्यांनी बाटली तापवली, आणि बाईचे जिवाणू विझले.

मुलांना ठाऊक होतं मी कोणाचा कोण ते.

"दिसलं, दिसलं," एक जण म्हणाला.

"हो, मस्त आहे. निळं आहे," दुसरा.

"मला नाही दिसलं," कोपऱ्यातून एका मुलीचा आवाज आला.

"गप ना. त्यांना वाईट वाटेल."

"अगं, पण नाही दिसलं. दिसलं तरच दिसलं म्हणायचं, असं बाईच सांगायच्या."

सर काहीतरी बोलायला लागले. मी त्यांना थांबवलं. "तिचं बरोबर आहे," मी म्हणालो. "मलाही दिसत नाहीये. विझलं ते. पण मी तुम्हाला दाखवीन."

"कधी? आमची शाळा संपली."

"तुम्ही जिथे असाल तिथे येईन."

"शप्पथ?"

"शब्द," मी म्हणालो.

मावशीकडून पुन्हा बांगडे आणले, न धुतलेले, आणि ठिपक्यापासून सगळं पुन्हा केलं. आता बाटली पेटली की तिच्यातला थेंब नव्या पाण्यात घालतो, म्हणजे उजेड मरत नाही. ताई तिच्या घरी गेली, पण फोन आला की आधी बाटल्यांचं विचारते, मग माझं. मी एक पेटी बांधायला घेतली आहे. पुढून काच, आत बाटली, मागे लहान थंडीचं यंत्र. मुलं बाहेर बसतील, बाटली आत गार राहील. काच बसली आहे. यंत्राचा आवाज अजून फार येतो, तो कमी करायचा आहे.

त्या गटातली मुलं कुठल्या कुठल्या शाळांत गेली ते मोठ्या बाईंनी मला सांगितलं आहे. दुसऱ्या गटाला उजेड दाखवायचा अजून राहिला आहे.